वाफेला टिकेल अशी झाळ

मिस्त्री पहिल्यांदा आमच्या दुकानात आले तेव्हा त्यांनी फडक्यात गुंडाळून आणलेली वस्तू पाहून मला वाटलं, फुटका तांब्या सांधायला आणला असेल. फडकं सोडलं तर आत तांब्याचं एक जाड नळकांडं निघालं. वीतभर उंच, नारळाएवढं रुंद, दोन्ही तोंडांना चकत्या, आणि प्रत्येक चकतीला पाच भोकं. त्या भोकांतून पाच बारीक नळ्या आरपार गेल्या होत्या. त्यांतल्या दोन सैल होऊन लोंबत होत्या.

"हा बायलर आहे, शेट," ते माझ्या वडिलांना म्हणाले. "इंजिनाला असतो तसाच, लहान केलेला. खाली विस्तव, नळ्यांतून आच वर जाते, भोवती पाणी. वाफेवर चाक फिरवायचंय."

कल्याणला रेल्वे येऊन तोवर बरीच वर्षं झाली होती आणि घाटावर चढणारी इंजिनं आमच्या गावालाच पाणी-कोळसा घेत. तिथल्या शेडमध्ये हे मिस्त्री फिटर होते. ठाण्याच्या एका शाळेच्या हेडमास्तरांनी मुलांना वाफेची शक्ती दाखवायला एक चालतं यंत्र मागितलं होतं, आणि ते मिस्त्रींनी अंगावर घेतलं होतं. नळ्यांचे सांधे त्यांनी आधी कथलाने जोडून घेतले. घरी विस्तव पेटवून पाहिलं. पाणी जरा आटलं, वरचा भाग कोरडा पडून तापला, कथील वितळलं आणि नळी सुटून उकळतं पाणी बाहेर उडालं. त्यांची बायको शेजारीच बसली होती. तिचा उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत भाजला.

"तेव्हा आता कथील नको," ते म्हणाले. "तुम्ही सोनार लोक रुप्याची झाळ लावता, ती पाहिजे. समोर चाळीस पोरं बसणार आहेत."

दोन धातू जोडायला त्यांच्या फटीत तिसरा, त्यांच्याआधी वितळणारा धातू सोडतात, त्याला आम्ही झाळ म्हणतो. आम्ही ती रुपं, तांबं आणि थोडं जस्त यांची करत असू. जस्त वाढवलं की झाळ लवकर धावते, कमी केलं की तिला जास्त आच लागते. माझे वडील, म्हणजे आबा, झाळेसाठी गावात नावाजलेले होते. त्यांनी जोडलेली साखळी तुटली तर दुसरीकडे तुटे, सांध्यावर नाही. त्यांनी नळकांडं हातात घेतलं, सगळ्या कडांवरून बोटं फिरवली, नळ्यांच्या तोंडात करंगळी घालून पाहिली आणि म्हणाले, "करून देऊ."

पण आबांना दिसत नव्हतं.

अगदी आंधळे नव्हते. उजेड, माणसाची आकृती, विस्तवाची लाली एवढं त्यांना कळे. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता आणि वर्षभर हे त्यांनी सगळ्यांपासून लपवलं होतं. गिऱ्हाईक ते आवाजावरून ओळखत. बारीक काम "हात दुखतो" म्हणून माझ्याकडे सरकवत. मी ते ओळखलं होतं, आणि मी ओळखलंय हे त्यांनाही बहुधा माहीत होतं. पण आम्ही दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढत नसू. झाळ तेवढी ते अजून स्वतःच आटवत. धातू वितळवायच्या मुशीजवळ मला येऊ देत नसत.

मिस्त्रींनी जुनं सगळं काढून नव्या नळ्या आणि नव्या चकत्या केल्या. बाहेरच्या कडा रिबिटा मारून पक्क्या केल्या. झाळ लागायची ती नळ्यांच्या तोंडांना आणि कडेच्या फटीला. शनिवारी दुपारी ते बायलर घेऊन आले. आबांनी आदल्या दिवशी झाळ आटवून ती साच्यात पातळ ओतून ठेवली होती. ती कातरून मी तांदळाएवढे तुकडे केले. झाळ नीट धावावी म्हणून लावतात तो टाकणखार सहाणेवर पाण्यात उगाळला, फटींना लावला, प्रत्येक नळीभोवती तुकडे मांडले, आणि सगळं कोळशात बसवून भाता ओढायला लागलो.

तांबं तापताना रंग बदलतं. आधी जांभळट काळं होतं, मग सुकलेल्या कुंकवासारखं, मग ओल्या कुंकवासारखं लाल. आमची झाळ त्या लालीवर धावे. त्या दिवशी तांबं अजून काळपटच होतं. मी भात्याला नेट दिला, एवढ्यात पहिला तुकडा गोळा झाला, थरथरला आणि फटीत पळाला. मग दुसरा. मग सगळेच.

"वा!" मिस्त्री म्हणाले. "पाण्यासारखी धावली हो!"

"आमची झाळ आहे," आबा म्हणाले.

मी भाता सोडला. इतक्या लवकर का धावली, हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. पण तो विचारायचा म्हणजे मिस्त्रींसमोर आबांना विचारायचं, की तुम्ही मुशीत काय टाकलंत. मी स्वतःला समजावलं, जस्त जरा जास्त पडलं असेल. सांधे दिसायला तर छान दिसत होते, सगळीकडे भरलेले, पांढरे, गुळगुळीत. चिंचेच्या पाण्यात बुडवून बायलर साफ केला तेव्हा तो नव्या भांड्यासारखा लखलखला. मिस्त्रींनी तो फडक्यात गुंडाळला.

"दाबाची परीक्षा?" मी विचारलं.

"शेडमधला हातपंप मिळाला तर थंड पाणी दाबून बघतो. नाहीतर उद्या रविवार आहे, घरीच पेटवतो. परवा ठाण्याला न्यायचाय."

रविवारी सकाळी दुकान बंद असे. मी किल्ली घेऊन एकटाच गेलो. कातरताना उरलेले झाळेचे चार तुकडे पाटावर होते. त्यांतला एक ऐरणीवर ठेवून हातोडी मारली. चांगली झाळ चापट होते, पसरते. हिचे दोन तुकडे झाले. दुसऱ्यावर अगदी हलका ठोका दिला, तोही फुटला. तुटलेली बाजू उजेडात धरली तर आत करडे, खरखरीत दाणे दिसले.

कोनाड्यात पाहिलं. जस्ताची कांडी जिथल्या तिथे होती, धूळ बसलेली. तिच्या शेजारची कांडी मात्र निम्मी संपली होती. ती कथलाची होती. दिवाळीआधी घरच्या भांड्यांना कल्हई करून घेतली तेव्हा कल्हईवाल्याकडून उरलेलं कथील मी मागून घेतलं होतं आणि त्या कोनाड्यात मीच ठेवलं होतं. जस्ताला लागून.

मी दुकान उघडंच टाकून निघालो.

मिस्त्रींची चाळ रुळांपलीकडे होती. शेनाळे तळ्यावरून वळसा घालून जावं लागे. तळ्याच्या पायरीवर धुणं धुणाऱ्या बायका माझ्याकडे बघत होत्या, कारण मी धोतर खोचून धावत होतो आणि पायांत वहाणा नव्हत्या. फाटकापाशी मालगाडी आडवी उभी. तिचे डबे संपेचनात. मी गाडीच्या कडेने धावलो, शेवटच्या डब्यामागून रूळ ओलांडले. मनात एकच चाललं होतं, त्यांना हातपंप मिळाला असू दे. थंड पाण्याने सांधा फुटला तर फार तर पाय भिजतात.

त्यांच्या खोलीच्या दारात त्यांची बायको उभी होती, भाजलेला हात पदराखाली धरून. ती आत जात नव्हती आणि दारापासून हलतही नव्हती.

"वहिनी, मिस्त्री?"

तिने मानेनेच आत दाखवलं.

खोलीच्या मधोमध तीन विटांवर बायलर बसवला होता. खाली कोळसे फुललेले. पाणी गुणगुणायला लागलं होतं. मिस्त्री उकिडवे बसून त्यावर वाकले होते. वाफ फार झाली की आपोआप उघडणारी एक झडप वर होती. तिच्या दांडीला टांगलेलं वजन ते बोटाने मागेपुढे सरकवत होते. त्यांचं तोंड बायलरपासून हातभर अंतरावर होतं.

"मिस्त्री, मागं व्हा."

"या या! ऐका कसा बोलायला लागलाय."

"मागं व्हा आधी. झाळ चुकलीय."

त्यांनी वर पाहिलं. "काय चुकलंय?"

"झाळेत कथील आहे."

"वेड लागलंय का? काल माझ्यासमोर लावलीत. पाण्यासारखी धावली."

"म्हणूनच. तशी धावायला नको होती. मी आत्ता ऐरणीवर ठोकून पाहिली, ती फुटते. तुमच्या पाया पडतो, बाजूला व्हा!"

तेव्हा त्यांची बायको दारातून पहिल्यांदाच बोलली. "अहो, ते सांगतायत ना."

मिस्त्री उठले आणि दोन पावलं मागे आले. पण बायलर तसाच सोडून चालणार नव्हतं. विस्तव खाली होता आणि आतला दाब वाढतच होता. मी पुढे होऊन कोळसे ओढायला गेलो तर त्यांनी माझा दंड धरला. "तसं नाही. आधी वाफ सोडायची." कोपऱ्यात कपडे वाळत घालायची काठी होती. ती घेऊन ते दाराच्या चौकटीला टेकले, लांबूनच काठीचं टोक दांडीखाली घातलं आणि उचललं. फुस्स करून वाफेची पांढरी रेघ आढ्यापर्यंत गेली. किती वेळ ती चालली कोण जाणे. मी त्यांच्यामागे होतो आणि बायलरच्या बुडाकडे बघत होतो. तिथे एका नळीच्या कडेला पाण्याचा थेंब जमला, पडला, चरचरला. दुसरा पडला. मग थेंबांची धार झाली.

"सुटतंय," मी म्हणालो.

ते शब्द पुरे व्हायच्या आत नळी सुटली. सगळं पाणी एकदम कोळशांवर पडलं. भसकन आवाज झाला आणि राख, निखारे, वाफ यांनी खोली भरून गेली. आम्ही तिघंही बाहेर ओटीवर येऊन पडलो. शेजारच्या खोल्यांतली माणसं धावली. मिस्त्रींच्या धोतराला दोन निखाऱ्यांची भोकं पडली होती. बाकी कुणाला काही झालं नव्हतं.

ते भिंतीला टेकून बसले. मग म्हणाले, "काठीने वाफ सोडल्यावर एवढं. दाब पुरता असता तर?" आणि थोड्या वेळाने, "कुणी घातलं कथील?"

"मी," मी म्हणालो. "झाळ मीच आटवली होती."

सोमवारी सकाळी कामावर जाण्याआधी ते दुकानात आले. बायलर त्यांनी आबांच्या पुढ्यात आदळला.

"शेट, तुमच्या मुलाने काल आमचा जीव घेतला असता. कथील नको म्हणून बजावून सांगितलं होतं मी! हेडमास्तरांना आठ दिवसांची मुदत मागावी लागली. तुमच्या हाताखाली असलं काम होतं?"

घरी मी कोणाला काही सांगितलं नव्हतं. आबांनी मान वर केली, पण माझ्याकडे नाही, आवाजाच्या दिशेने.

"झाळेचा तुकडा आहे का?"

मी फुटलेला तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तुटलेल्या बाजूवरून नख फिरवलं. मग म्हणाले, "कोनाड्यातल्या दोन्ही कांड्या दे."

पहिली कांडी त्यांनी कानाजवळ धरून वाकवली. जस्त, ते अडून राहिलं, आवाज नाही. दुसरी वाकवली. कथील वाकवलं की आतून करकरतं, दात खाल्ल्यासारखं. ते मिस्त्रींनीही ऐकलं. आबांनी ती कांडी पुन्हा एकदा वाकवली, जणू पहिल्यांदा चुकून आवाज आला असेल.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मुलाने नाही घातलं. झाळ मी आटवली. मला दिसत नाही."

माझ्या आयुष्यात मी आबांना ते वाक्य बोलताना त्या आधी ऐकलं नव्हतं. मिस्त्री माझ्याकडे वळले. 

"कथील जस्ताशेजारी मी ठेवलं होतं," मी म्हणालो.

"मग दोघांची चूक म्हण," आबा म्हणाले. "पण डोळ्यांचं मी लपवलं, ते माझं एकट्याचं." मग मिस्त्रींकडे वळून, "पुन्हा करून देतो. तुम्हाला विश्वास नसेल तर दुसरीकडे न्या. मी बोल लावणार नाही."

 बायलर उचलून मिस्त्री दारापर्यंत गेले. तिथून परत फिरले.

"बाजारातला एक तांबट म्हणतो, पितळेची झाळ घाल. सगळ्यांत कडक. ती का नको?"

"हंडा असता तर मीही तेच म्हटलं असतं," आबा म्हणाले. "पितळ वितळायला तांबं शेंदरासारखं करावं लागतं. तुमच्या नळ्या विड्याच्या पानाएवढ्या पातळ. फट भरायच्या आधी नळीच वितळून बसेल. रुपंच पाहिजे, पण एकच झाळ नाही, दोन. नळ्यांना कमी जस्ताची, जास्त आचेवर धावणारी. ती आधी. मग बाहेरच्या कडेला जरा लवकर धावणारी, म्हणजे कडा तापवताना नळ्यांचे सांधे परत सुटणार नाहीत."

"आणि जुन्या नळ्या?"

"त्या टाका. चकत्याही टाका. कथील एकदा शिरलं की घासून पुरतं जात नाही. नव्या झाळेतही उतरतं."

मिस्त्रींनी चार दिवसांत सगळं नवं केलं. या वेळी मुशीजवळ मी बसलो. रुपं, तांबं, जस्त मी काट्यात तोललं, आणि प्रत्येक जिन्नस मुशीत टाकायच्या आधी आबांच्या हातात दिला. दोन्ही झाळा ऐरणीवर ठोकून पाहिल्या. दोन्ही पसरल्या, फुटल्या नाहीत. मी त्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवल्या आणि कडक झाळेच्या डबीला कानसेने एक खाच पाडली, बोटाला लागेल अशी.

झाळ लावायच्या दिवशी मिस्त्री समोर हाताची घडी घालून बसले होते.  मी भाता ओढत होतो आणि आबा माझ्या खांद्याला खांदा लावून बसले होते.

"रंग सांग."

"काळा. जांभळट."

"टाकणखार तडतडायचा थांबला. आता काच झाली असेल त्याची."

"हो. चकाकतोय."

"रंग?"

"सुकं कुंकू."

मागच्या वेळी झाळ याच्याही आधी पळाली होती. मी तुकड्यांवर नजर रोखली. ते तसेच होते, कडा धारदार, जागचे हललेले नाहीत. कपाळावरचा घाम डोळ्यात उतरत होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

"ओलं कुंकू."

"धावली?"

"नाही."

"जोर वाढवू नकोस. आहे तसाच ठेव."

मला वाटलं, आता नळी बसणार. मधल्या नळीची कड पांढुरकी दिसायला लागली होती. मिस्त्री उठून उभे राहिले. "शेट, नळी जाईल!" ते म्हणाले. आबांनी नुसता हात वर केला.

मग एक तुकडा गोल झाला, चमकला आणि नळीभोवती फिरून आत गेला. एकेक करत पाचही नळ्यांच्या फटी भरल्या. मी भाता सोडला तेव्हा माझी बोटं उघडत नव्हती.

दुसऱ्या बाजूला तेच, मग कडांना लवकर धावणारी झाळ. त्या दोन वेळा मला पहिल्याइतकी भीती वाटली नाही, तरी आबांनी प्रत्येक रंग विचारलाच.

या खेपेला मिस्त्री हातपंप मिळवूनच आले. दुकानाच्या ओट्यावर त्यांनी बायलर थंड पाण्याने काठोकाठ भरला आणि दांडा मारायला सुरुवात केली. वाफेचा जेवढा दाब चालवायचा त्याच्या दुप्पट दाब त्यांनी चढवला आणि तिथेच धरून ठेवला. मी कोरडी राख प्रत्येक सांध्यावर भुरभुरली होती. कुठे ओल आली तर ती काळी पडली असती. ती कोरडीच राहिली. आबांनी स्वतः सगळ्या कडांवरून बोटं फिरवली आणि बोटं पुन्हा पुन्हा एकमेकांवर चोळून पाहिली.

ठाण्याला मी गेलो नाही. मिस्त्री आबांना घेऊन गेले. आबा संध्याकाळी परत आले तेव्हा म्हणाले, चाक फिरताना मुलं इतकी ओरडली की मास्तरांना छडी आपटावी लागली. स्वतः त्यांनी चाक पाहिलं नव्हतं, पण कानाला आलेलं बरंच सांगत होते. त्यानंतर त्यांनी डोळ्यांची गोष्ट कुणापासून लपवली नाही. मुशीजवळ ते माझ्यामागे बसत आणि रंग विचारत. असे ते आणखी सहा वर्षं बसले.

त्या वर्षी संक्रांतीला मिस्त्रींची बायको माझ्या आईकडे हळदीकुंकवाला आली. हातावरची कातडी आता गुलाबी आणि चुणीदार झाली होती. जाताना मी ओटीवर उभा होतो. ती थांबली.

"धाकटे शेट, एक विचारू? रागावणार नाही?"

"विचारा ना, वहिनी."

"झाळ लवकर धावली हे तुम्हाला शनिवारीच दिसलं होतं ना? हे म्हणत होते, तुमचा चेहरा तेव्हाच उतरला होता."

"हो."

"मग शनिवारीच का नाही बोललात?"

मी खरं ते सांगितलं. आबा समोर होते, परका माणूस होता, आबांची लाज जाईल असं वाटलं. 

ती ऐकून घेत उभी राहिली. मग "बरं," म्हणाली, पदर सारखा केला आणि पायऱ्या उतरून गेली.